शिशाच्या शिपायांवर पांढरी पूड, आणि पोराला हवाय टायगर

माटुंगा_मेल
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिलाच.

आमच्या थोरल्या काकांकडे शिशाच्या शिपायांचा एक संच होता. काका फोर्टमधल्या एका गोऱ्या कंपनीत कारकून होते. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या पोरांची खेळणी काकांच्या पदरात पडली, अशी घरातली कथा. लाल डगलेवाले पायदळ, एक ढोलवाला, आणि पिवळ्या अंगरख्याचे, फेटे बांधलेले भालेवाले घोडेस्वार. इतकी वर्षं हे सगळं पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात, जुन्या धोतराच्या तुकड्यांत गुंडाळून ट्रंकेत पडलं होतं. रंग उडालेत, पण बाकी ठणठणीत.

गेल्या वर्षी घराचं काम काढलं. सुताराने हॉलमध्ये छान शोकेस करून दिलं, एमडीएफचं (भुशाच्या दाबीव फळ्यांचं), काचा नि दिवेबिवे लावून. शिपाई त्यात मांडले. हा पावसाळा संपता संपता बघतो तर पायांवर आणि घोड्यांच्या पोटाखाली पांढरी पूड. ही बुरशी आहे का? काय करावं?

दुसरं. चिरंजीव आठवीत आहेत आणि रणगाड्यांनी झपाटलेत. पहिलं किट (प्लास्टिकचे भाग जोडून करायचं मॉडेल) घ्यायचं म्हणतो, आणि त्याला दुसऱ्या महायुद्धातला जर्मन टायगरच हवाय. घर वन बीएचके. किती मोठं किट घ्यावं? आणि टायगरच का, हा माझा स्वतःचा प्रश्न. मुंबईत हा छंद असलेलं कोणी इथे आहे का?

किडामुंगी
बुरशीच. या हवेत माझ्या चपलांनाही येते. दोन दिवस उन्हात ठेवा.

सुलू_काकू
चिंचेच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवायचे आणि जुन्या टूथब्रशने घासायचे. नाहीतर पितांबरी. माझा देव्हारा बघायला या कधी.

नेमकेपणा
काकू, थांबा! माटुंगा_मेल, चिंच, लिंबू, व्हिनेगर, पितांबरी यांतलं काहीही लावू नका. आंबट पदार्थामुळेच हा रोग झालाय.

ही बुरशी नव्हे, शिशाचा गंज आहे. एमडीएफ, प्लायवूड, ताजं पॉलिश, काही प्रकारचे गोंद यांतून ॲसेटिक आम्लाची वाफ सतत बाहेर पडत असते. नाकाला कळणारही नाही इतकी थोडी, पण काचेच्या बंद कपाटात ती साठते. ती शिशाला लागली की आधी लेड ॲसिटेट होतं, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून त्याचं पांढरं लेड कार्बोनेट होतं. यात आम्ल पुन्हा सुटं होतं आणि पुढच्या शिशाला लागतं. म्हणून हा प्रकार आपोआप थांबत नाही. मुंबईची दमट हवा त्याला खतपाणी घालते, आणि शोकेसमधले दिवे लाकूड तापवून वाफ वाढवतात. पत्र्याच्या डब्यात शिपाई इतकी वर्षं टिकले ते उगाच नाही.

आत्ता करायचं ते असं: शिपाई आजच बाहेर काढा. पूड कोरड्या ब्रशने झाडू नका, ती विषारी आहे. मास्क आणि हातमोजे घाला, ओलसर मऊ कापडाने हलकेच टिपून घ्या, लगेच कोरडं करा, कापड फेकून द्या. मुलाला हात लावू देऊ नका. नंतर लोखंडी कपाट किंवा काच आणि धातूची पेटी, आत सिलिका जेल. काच चिकटवायला सिलिकॉन वापरणार असाल तर ज्याला व्हिनेगरचा वास येतो ते नको, तेही तेच आम्ल सोडतं.

सुलू_काकू
बरं बाबा. देवांना तरी चालेल ना चिंच?

नेमकेपणा
पितळेच्या देवांना चालेल, काकू.

टिळकपुलावरचा
नेमकेपणांना +१. म्हणजे शेवटी आजोबांचं गोदरेजचं कपाटच जिंकलं म्हणायचं. आमच्याकडे ते भंगारात काढायला निघाले होते, आता हा धागा वाचून दाखवतो.

शिपाई उलटे करून पायाखालची पाटी बघा. ब्रिटन्स या लंडनच्या कंपनीने १८९३ साली पोकळ ओतीव शिपाई काढायला सुरुवात केली. आत पोकळ, त्यामुळे शिसं कमी लागायचं, वजन कमी, किंमतही कमी. भरीव जर्मन शिपायांची सद्दी त्यावर मोडली. त्यांच्या मालावर बहुधा नाव सापडतं. पिवळ्या अंगरख्याचे भालेवाले म्हणताय तर ते स्किनर्स हॉर्सचे असू शकतील, त्या पलटणीचा संच ब्रिटन्सने काढला होता. आकार साधारण ५४ मिमी. शिशाचं उत्पादन तिथे १९६६ च्या सुमारास थांबलं.

एक हात जोडून विनंती: उडालेला रंग पुन्हा देऊ नका. जमवणारा मूळ रंगाचे पैसे देतो, मग तो अर्धा उडालेला का असेना.

मामाचा_वाडा
चोरबाजारात मटण स्ट्रीटला असे सुटे शिपाई अजून दिसतात. घोडा आहे तर स्वार नाही, स्वार आहे तर डोकं नाही. शुक्रवारी पक्की दुकानं बंद, रस्त्यावरचा जुम्मा बाजार मात्र त्याच दिवशी. भाव विचारताना चेहऱ्यावर काहीही दाखवायचं नाही. 'अँटिक है सेठ' ऐकलं की पुढच्या गाळ्याकडे चालू लागायचं.

वरणभात_वॉरियर
किटबद्दल मी सांगतो, कारण वन बीएचके आणि आठवीतला मुलगा हा प्रयोग आमच्याकडे चालू आहे.

रणगाड्यांत मुख्यतः दोन मापं चालतात, १/३५ आणि १/७२, म्हणजे खऱ्यापेक्षा तितक्या पटीने लहान. सेंच्युरियन या ब्रिटिश रणगाड्याचं धड, तोफेची नळी सोडून, साडेसात मीटरच्या आसपास. म्हणजे १/३५ ला साधारण २२ सेंटीमीटर आणि १/७२ ला साडेदहा. माणूस १/३५ ला पाच सेंटीमीटरचा, १/७२ ला अडीचसुद्धा नाही. १/३५ मध्ये हात बसतो, चुका दिसतात, शिकायला बरं. १/७२ मध्ये एका फळीवर अख्खी रेजिमेंट उभी राहते. मुंबईतला चौरस फुटाचा भाव लक्षात घेता मी ७२ वाला.

आणि हे ३५ कुठून आलं? तामिया या जपानी कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं मोटरवालं किट काढलं. आत बॅटऱ्या आणि मोटर मावायला हवी म्हणून धड जेवढं झालं, त्याचं गुणोत्तर ३५ च्या आसपास आलं. पुढे सगळ्या कंपन्यांनी तेच उचललं.

अनुस्वार
माटुंगा_मेल, टायगरच का हा प्रश्न तुमचा एकट्याचा नाही. मी या छंदात कॉलेजपासून आहे आणि दर दुसऱ्या माणसाच्या फळीवर जर्मन रणगाडा बघून कंटाळलोय. टायगर १ बनले सगळे मिळून १,३५० च्या आसपास. अमेरिकेचे शर्मन ४९,००० हून जास्त. फळ्यांवर बघाल तर उलटं वाटेल. शिवाय तो कोणाचा रणगाडा होता हे विसरून 'काय भारी मशीन' म्हणत राहायचं, मला नाही पटत.

वरणभात_वॉरियर
असहमत. तेरा वर्षांच्या पोराला टायगर आवडतो कारण तो चौकोनी, दांडगा आणि गेममध्ये असतो. त्यात विचारधारा शोधू नका. माझ्या पोराने टायगर जोडला, मग स्वतःहून विचारलं की एवढा भारी होता तर हरले कसे. दोघं मिळून वाचत बसलो. पेट्रोल किती खायचा, बिघाड किती व्हायचे, बनवायला किती वेळ लागायचा. यापेक्षा बरा इतिहासाचा तास मला तरी शाळेत मिळाला नव्हता.

किडामुंगी
आमच्या आजीने पोराच्या खोक्यावरचं चिन्ह बघून 'बाई, स्वस्तिक आहे, पाय लागू देऊ नकोस' म्हटलं असतं.

नेमकेपणा
जर्मन रणगाड्यांच्या बाजूवर काळा-पांढरा क्रॉस असे.

किडामुंगी
विनोद होता हो.

बख्तरबंद
मी निवृत्त. कुठे होतो ते नावावरून ओळखा.

टायगरवर भांडण नको. मी फक्त एवढंच विचारतो की आपल्या लढायांचे रणगाडे पोरांना माहीत का नसावेत? खोक्यावर ब्रिटिश नाहीतर अमेरिकन झेंडा असतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण आतला माल आपलाच आहे.

१९४८, काश्मिरातली झोजीला खिंड. साडेअकरा हजार फुटांवर ७ कॅव्हलरी या रणगाडा पलटणीचे हलके स्टुअर्ट रणगाडे चढवले. जम्मूहून येताना वाटेतले पूल वजन पेलणार नाहीत म्हणून वरचे टरेट, म्हणजे तोफेचे फिरते बुरूज, काढून वेगळे नेले, आणि शत्रूला सुगावा लागू नये म्हणून सगळं गुपचूप. १ नोव्हेंबरला बर्फात रणगाडे समोर उभे राहिले तेव्हा वरच्या खंदकांतल्यांचा विश्वास बसला नसेल. जनरल थिमय्यांची योजना.

१९६५, पंजाबातलं असल उत्तर गाव. आपल्याकडे ३ कॅव्हलरीचे सेंच्युरियन, डेक्कन हॉर्सचे शर्मन, ८ लाइट कॅव्हलरीचे छोटे एएमएक्स-१३. समोर पाकिस्तानचे अमेरिकी बनावटीचे पॅटन. उसाच्या शेतांत पाणी सोडलेलं, पॅटन रुतले. अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिमीच्या रिकॉइललेस तोफेने जे केलं ते शाळेच्या पुस्तकात असायचं. जवळच भिखीविंडला पकडलेले पॅटन मांडले होते, त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणू लागले.

आणि मुंबईकरांनो, त्याच युद्धात फिल्लोराच्या लढाईत पूना हॉर्सचं नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर तुमच्याच शहरात १९२३ साली जन्मले. जखमी होऊनही मागे आले नाहीत, १६ सप्टेंबरला गेले. परमवीर चक्र. त्यांचा सेंच्युरियन कोणी बनवलाय का?

अनुस्वार
बख्तरबंद सर, दंडवत. मी अरुण खेत्रपाल यांचा 'फामागुस्ता' नावाचा रणगाडा करतोय. तीच पूना हॉर्स, १९७१, बसंतरची लढाई. सेंच्युरियनचं किट मिळालं, पण आपल्या खुणांचे डेकल्स (चिकटवायची चित्रं) कोणी देत नाही, त्या हाताने रंगवतोय. भिंग लावून.

बख्तरबंद
मूळ रणगाडा नगरला आर्मर्ड कोअरच्या (रणगाडा दलाच्या) केंद्रात जपून ठेवलाय. तुमचा झाला की फोटो टाका. आणि एक, मॉडेलवर सगळं येतं, आतली उष्णता आणि डिझेल-दारूगोळ्याचा वास तेवढा येत नाही. मे महिन्यात राजस्थानात विजयंता रणगाड्याच्या आत चौघे जण बसा, मग कळेल.

रेणुका_ठाणे
मला वेगळाच प्रश्न पडलाय. लहान मुलांच्या हातात युद्धाची खेळणी द्यावीत का? आमच्या सोसायटीत पिचकारीसुद्धा बंदुकीच्या आकाराची नको असा ठराव झालाय. छंद म्हणून मोठ्यांचं ठीक आहे.

टिळकपुलावरचा
रेणुकाताई, दिवाळीत किल्ला करत नाही का सोसायटीत?

रेणुका_ठाणे
करतो की! मीच माती आणते.

टिळकपुलावरचा
आणि त्यावर मावळे कोण मांडतं? तलवारवाले, भालेवाले, तोफेपाशी बसलेले? महाराष्ट्रातल्या प्रत्येक घराने कधी ना कधी शिपाई जमवलेत. फक्त आपण त्याला छंद म्हणत नाही. माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं ते खोकं काढा, निम्म्यांची नाकं झडलेली असतील.

रेणुका_ठाणे
हे बाकी खरं. माझ्याकडे आजोळचा मातीचा गवळणींचा नि मावळ्यांचा सेट आहे, हल्लीच्या प्लास्टरच्या चित्रांपेक्षा कितीतरी देखणा. तरीही मावळा आणि रणगाडा मला एकच वाटत नाहीत, का ते नीट सांगता येत नाहीये. विचार करते.

नेमकेपणा
मावळ्यांवरून. बाजारातला मावळा आठ सेंटीमीटरचा धरला तर माप साधारण १/२० झालं. रायगडाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर. म्हणजे त्याच मापाने किल्ला ४१ मीटर, तेराचौदा मजली टॉवर. एवढी माती सोसायटीत आणणार कुठून?

मामाचा_वाडा
आणि महाराज सिंहासनावर बसलेलेच मावळ्याच्या दुप्पट. ते कुठल्या मापात बसवायचे?

नेमकेपणा
महाराजांना माप लावायचं नसतं.

वरणभात_वॉरियर
आज पहिल्यांदा नेमकेपणांशी सहमत.

गल्ली_नं_तीन
अवांतर. १९९९ चा गणपती आठवतोय का कोणाला? मुंबईत जिथे बघावं तिथे कारगिलचा देखावा. आमच्या गिरगावातल्या चाळीत टायगर हिल केली होती, गोणपाटावर चुना मारून. बोफोर्स तोफ पीव्हीसी पाइपची. शिपाई क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेले हिरव्या प्लास्टिकचे, पिशवीच्या भावात. एका उत्साही कार्यकर्त्याने त्यांना ऑइलपेंटने बर्फाचा पांढरा रंग दिला. विसर्जनापर्यंत सगळा रंग पापुद्र्यांनी सुटून आला, शिपाई आतून हिरवेच.

चिकटपट्टी
कारण ते पॉलिथिनचे होते! मऊ, वाकणारं प्लास्टिक. त्यावर कुठलाच रंग धड धरत नाही. आधी साबणाच्या पाण्याने धुवायचं, मग प्रायमर, मग ॲक्रिलिक. तरी वाकवलं की तडा जातो. किटचं प्लास्टिक वेगळं, पॉलिस्टायरीन. ते रंग धरतं आणि त्याचा खास सिमेंट प्लास्टिक किंचित विरघळवून दोन भाग एकजीव करतो.

आलोच आहे तर मुंबईत किट जोडणाऱ्यांसाठी माझे अनुभवाचे बोल. पावसाळ्यात व्हार्निश फवारू नका, दमट हवेत ते दुधाळ पडतं आणि महिनाभराची मेहनत धुक्यात जाते. दसऱ्यापर्यंत थांबा, तोवर जोडणी करा. डेकल्सचे कागद झिपलॉक पिशवीत सिलिका जेलसकट ठेवा, नाहीतर पिवळे पडतात. फेविक्विक पारदर्शक भागांजवळ नेऊ नका, काच पांढरी होते. नेलपेंट रिमूव्हर थिनर म्हणून वापरायची हुशारी करू नका, ॲसिटोन पॉलिस्टायरीन खातं. जुन्या किटमधले मऊ व्हिनाइलचे ट्रॅक (चाकांभोवतीचे पट्टे) प्लास्टिकच्या चाकांवर नुसते बसवून ठेवले तर काही वर्षांत चाकं वितळलेली सापडतात. मध्ये रंगाचा थर असू द्या.

एअरब्रश पहिल्या दिवशी घेऊ नका. कॉम्प्रेसरच्या आवाजावर खालच्या मजल्यावरचे वर येतात. ब्रशने सुरुवात करू द्या पोराला.

किडामुंगी
वाखुसा (वाचनखूण साठवली). चुकून छंद लागला तर असावं.

मामाचा_वाडा
जस्ताच्या मिश्रधातूची जुनी खेळणी असतील तर तीही तपासा हं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी या ब्रिटिश कंपनीच्या खेळण्यांसारख्या गाड्यांच्या धातूत शिशाची भेसळ राहून गेली की तो आतून फुगतो, तडकतो आणि शेवटी हातात चुरा. त्यावर उपाय नाही. कलकत्त्याला डिंकीच्या जुन्या साच्यांवरून 'निकी टॉइज' निघायची, ती लहानपणी मुंबईतही मिळत. माझा एक ट्रक अजून आहे.

माटुंगा_मेल
सगळ्यांचे आभार. शिपाई बाहेर काढले, पुसले, सध्या पुन्हा बिस्किटाच्या डब्यात. पायाखाली पाटी सापडली, नाव ब्रिटन्सचंच आहे. शोकेसमध्ये आता हिच्या काचेच्या बाहुल्या येणार, तह झालाय.

किटच्या किमती बघून मात्र गार पडलो. एवढ्या का?

वरणभात_वॉरियर
आयात शुल्क. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के केलं, २०२३ मध्ये ७०. स्केल मॉडेल खेळण्यांच्याच शीर्षकाखाली मोजतात. वर २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हाची सक्ती. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे ती, पण खोक्यावर रणगाड्याचं चित्र बघून ते खेळणं नाही हे पटवणार कोणाला?

अनुस्वार
म्हणून आम्ही एकमेकांत अदलाबदल करतो. बहुतेकांच्या घरी न जोडलेल्या किटची थप्पी असते, पलंगाखाली. बायकोला सांगितलेली किंमत आणि खरी किंमत यावर वेगळा धागा काढता येईल.

रेणुका_ठाणे
काढाच. माझ्या बाजूनेही काही प्रतिसाद येतील.

माटुंगा_मेल
पोराला बख्तरबंद सरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. टायगर बाजूला पडला. आता म्हणतो डेक्कन हॉर्सचा शर्मन. त्यांनी १९४५ ला ब्रह्मदेशात मेक्टिलालाही शर्मनच नेले होते ना? म्हणजे एकाच किटमध्ये दोन्ही युद्धं.

नेमकेपणा
नाही होणार. १९४५ ला ७५ मिमीची तोफ, १९६५ ला ७६ मिमीची. टरेट वेगळं. शिवाय मेक्टिलाचा शर्मन एम४ए४ प्रकारचा, धडाने लांब.

वरणभात_वॉरियर
आले!

नेमकेपणा
चूक ते चूक. तामियाचा एम४८ए३ पॅटन असल उत्तर म्हणून मांडणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. ए३ डिझेलचा, त्याचा मागचा डेक (इंजिनावरचं झाकण) वेगळा. पाकिस्तानचे पेट्रोलवाले होते.

पण पहिलंच किट असेल तर झोजीलाचा एम५ स्टुअर्ट घ्या. १/३५ ला जेमतेम १४ सेंटीमीटर, म्हणजे वन बीएचकेचाही प्रश्न मिटला. आणि खाली बर्फ केला की ट्रॅकच्या जोडणीतल्या निम्म्या चुका झाकल्या जातात.

बख्तरबंद
उत्तम निवड. नगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम मुलाला आधी दाखवून आणा. १९९४ पासून आहे, मुंबईहून पहाटे निघालात तर रात्री घरी. सेंच्युरियन, विजयंता, पकडलेले पॅटन, सगळे उघड्यावर रांगेत उभे आहेत. लोखंडाला हात लावून बघू दे त्याला. उन्हाळ्यात नको, पत्रा भाजतो.

माटुंगा_मेल
ठरलं. स्टुअर्ट, आणि दिवाळीच्या सुट्टीत नगर. बर्फ कशाचा करतात?

सुलू_काकू
खायचा सोडा.

चिकटपट्टी
बरेच जण तेच करतात, पण काकू, तो काही काळाने पिवळा पडतो.

सुलू_काकू
मग मीठ.

नेमकेपणा
मुंबईत? जुलैमध्ये पाणी सुटेल आणि रणगाड्यावरचे धातूचे भाग गंजतील.

सुलू_काकू
मग पांढरी रांगोळी घ्या की. दगडाचीच असते, पिवळी पडत नाही, पाणी सुटत नाही. दहा रुपयांत पिशवीभर मिळते.

नेमकेपणा
...हे चालेल. मॅट व्हार्निश आणि फेविकॉलमध्ये कालवून, ब्रशने थापा. बारीक चाळून घ्या आधी, जाड कण १/३५ ला गारा वाटतात.

सुलू_काकू
चाळणी माझ्याकडे आहे. पण परत हवी.